बँकेनं लोनबरोबर विमा कापलाय म्हणे, मग घराचं नुकसान झालं तर पैसे मिळतात का?

अनगोळकर

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी बेळगावच्या अनगोळात घर बांधलं, खाली दोन खोल्या किचन आणि वर एक खोली, लोन बँकेचंच हाय. लोन सँक्शन होताना इन्शुरन्स म्हणून एक मोठी रक्कम एकदम कापली, ती पण लोनमध्येच धरून, म्हणजे त्याच्यावर व्याज आम्हीच भरायलोय. आम्ही म्हटलं असू दे, घराचा विमा झाला, काळजी मिटली. आता यंदाच्या पावसात वरच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत ओली झाली, पुट्टी फुगून पापुद्रे पडायलेत, बोट लावलं की प्लास्टरची माती हातात येते. बँकेत विचारलं तर साहेब म्हणाले हे त्यात येत नाही, मग काय येतं म्हटलं तर म्हणाले कंपनीला फोन करा, आणि कंपनीवाल्यांनी इंग्लिशमध्ये एक पीडीएफ पाठवून दिली ढीगभर पानांची, ती वाचून जेवढं कळत होतं तेवढं पण कळेना झालं.

तर सरळ विचारतो, घराच्या विम्यात नेमकं काय येतं? भिंतीची ओल नाही येत तर मग पाऊसपाण्याचं काय येतं? दिवाळीत आम्ही सगळे पुण्याला भावाकडं जातो, तेव्हा चोरी झाली तर? बायकोचं सोनं घरातच असतंय. आणि हेस्कॉमचं, म्हणजे आमच्या वीज कंपनीचं, व्होल्टेज तर माहितीच हाय सगळ्यांना, शेजाऱ्यांचा टीव्ही आणि फ्रीज एकाच रात्री गेला. कोणी यातलं माहितगार असेल तर जरा मराठीत समजावून सांगा.

गणपतगल्लीवाला

सोपं हाय की. भरताना सगळं येतंय, मागताना काहीच येत नाही.

सर्व्हेवाले_काका

वरच्यांचं बोलणं मनावर घेऊ नको, पण अगदीच खोटं पण नाही ते. मी बरीच वर्षं आगीच्या आणि पुराच्या क्लेमचे सर्व्हे केलेत, म्हणजे नुकसान कशामुळं आणि किती झालं ते कंपनीसाठी बघायचं काम, आता रिटायर झालोय, त्यामुळं माझं कोणाला काही विकायचं राहिलं नाही.

आधी एक काम कर. तो कागद काढ आणि पहिल्या पानावर बघ की तिथं घराचा पत्ता आणि बांधकामाचं क्षेत्रफळ लिहिलंय, की तुझी जन्मतारीख, नॉमिनी आणि वर्षागणिक कमी होत जाणारी रक्कम लिहिली आहे. दुसरं असेल तर तो घराचा विमा नव्हेच, तो तुझ्या जिवाचा विमा आहे. कर्जदाराला काही झालं तर कंपनी उरलेलं लोन फेडते, घरच्यांच्या डोक्यावर बोजा राहत नाही. वाईट नाही ते, पण उद्या घर जळलं, वाहून गेलं तरी त्यातून एक पैसा येणार नाही. मोठी रक्कम एकदम कापली म्हणतोस त्यावरून मला तेच वाटतंय. बँकवाले दोन्हीला इन्शुरन्सच म्हणतात आणि लोक पण समजतात की झालं. लोन देताना घराचा विमा घ्या असं बँक म्हणू शकते, पण आम्ही सांगतो त्याच कंपनीचा घ्या अशी सक्ती करता येत नाही, हे पण लक्षात ठेव.

आता खऱ्या घराच्या विम्याचं. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, एक ठरावीक पॉलिसी काढायला लावली, भारत गृह रक्षा नावाची. कुठल्याही जनरल इन्शुरन्स कंपनीकडं जा, मूळ मजकूर तोच. त्यात घटनांची यादी आहे. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबून घरात शिरणं, जमीन खचणं, दरड कोसळणं, झाड पडणं किंवा गाडी येऊन धडकणं, दंगल आणि कुणी मुद्दाम केलेली नासधूस, दहशतवादी हल्ला, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून वाहणं. रेशन कार्डासारखं समज, यादीत नाव असेल तर धान्य, नसेल तर तू कितीही गरजू असलास तरी नाही. त्यामुळं सर्व्हेअर आला की किती नुकसान झालं हे नंतर विचारतो, आधी विचारतो कशामुळं झालं. भिंत तीच, ओल तीच, पण वरची टाकी फुटून पाणी भिंतीत उतरलं असेल तर क्लेम होतो आणि स्लॅबला वॉटरप्रूफिंग नीट नाही म्हणून हळूहळू पाझरलं असेल तर होत नाही. सदोष बांधकाम, जुनेपणा, नवीन घर बसताना पडणाऱ्या भेगा, वाळवी, हे सगळं मालकाच्या खात्यावर.

म्हणून तुझ्या त्या भिंतीसाठी विम्याच्या नादाला न लागता गवंड्याला धर. पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, आणि स्लॅब जिथं जुळतात तो सांधा बघायला सांग, बहुतेक वेळा पाणी तिथनंच शिरतंय. टेरेसची पन्हाळ बोळा घालून बंद करायची, बोटभर पाणी एक दिवस साठवून ठेवायचं आणि खालून भिंत बघायची, लगेच कळतं. घर मागच्याच वर्षीचं आहे म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला बोलवायला तुला तोंड आहे अजून.

चोरीचं सगळ्यांना चुकीचं माहिती असतं. साध्या पॉलिसीत चोरी येते ती फक्त वरच्या यादीतल्या एखाद्या घटनेमुळं झालेली, म्हणजे पुरात घर उघडं पडलं आणि सामान उचलून नेलं, ते पण घटनेपासून ७ दिवसांच्या आत. तू पुण्याला गेलास आणि कुलूप फोडून नेलं, हे त्यात नाही. त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं जोडून घ्यावं लागतं, थोडे पैसे जास्त पडतात. सोन्याचं अजून वेगळं आहे, दागिने साध्या सामानात धरत नाहीत, मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक कव्हर घ्यायचं. त्यात एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक नग १ लाखाच्या आतला असेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट मागत नाहीत. पण दागिने आगीत, पुरात गेले तर हे कव्हर आणि चोरांनी नेले तर वरचं घरफोडीचं, त्यात पण दागिने धरलेत का हे आधी विचारून घे. रोख रक्कम कुठंच नाही, कपाटातली नोटांची पुडकी जळाली तर जळाली.

टीव्हीचं पण कारणावरच आहे. वीज थेट पडून जळाला तर मिळतील, व्होल्टेज वाढून किंवा आतल्या आत शॉर्ट होऊन गेला, मग ते वीज पडल्यामुळं का असेना, तर त्या टीव्हीचे मिळणार नाहीत. मात्र त्या शॉर्ट सर्किटनं आग लागून पडदे, सोफा, खोली जळाली तर बाकीचं सगळं मिळतं, फक्त जिथनं आग सुरू झाली ते यंत्र सोडून. हेस्कॉमसाठी स्टॅबिलायझरच बरा.

निपाणी_वेदगंगा

काकांनी बरोबर सांगितलंय, पुराचं मी सांगतो. आमच्या मामांचं घर नदीकाठच्या गावात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा सगळ्याच फुगल्या तेव्हा घरात पाणी शिरलं आणि कितीतरी दिवस हललंच नाही. मामांचा विमा होता, लोनमुळं घेतलेला. सर्व्हेअर आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल तर भिंतीवर पाण्याची जी तांबूस रेघ उमटली होती तिथं टेप लावून फोटो काढला, मग कपाटाच्या दारावर तीच रेघ, मग पंपाच्या मोटरवर. रेघेच्या वरचं सामान भिजलं म्हणालात तर कसं भिजलं हा प्रश्न येणारच.

मामांचं घोडं अडलं ते सामानाच्या बाबतीत. पाणी उतरल्यावर वास सहन होईना म्हणून गाद्या, उशा, भिजलेल्या तांदळाची पोती, मुलांचं टेबल सगळं ट्रॅक्टरनं नेऊन टाकून दिलं होतं, फोटो एक नाही. भिंतीचे पैसे मिळाले आणि सामानाचे नुसते वाद झाले. तर पुरात पहिल्यांदा कंपनीला कळवा, कळवल्याचा नंबर घ्या, मोबाईलवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान निदान अंगणात तरी ठेवा. फारच कुजायला लागलं तर कंपनीला ईमेल करून मग टाका.

दुसरं म्हणजे मिळालेले पैसे आधी बँकेकडं गेले. पॉलिसीवर बँकेचं नाव असतंय, म्हणून. नंतर बँकेशी बोलून दुरुस्तीला काढता आले, पण हेलपाटे झाले.

त्या साली सरकारनं घरं ए, बी, सी कॅटेगरीत टाकली, पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले, ते विम्यापेक्षा वेगळं. आमच्याकडं कितीतरी लोक त्या भरवशावर राहतात की पूर आला तर सरकार देतंय की. कॅटेगरी कोण ठरवणार आणि आपलं घर सीमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी नुकसानीत, गेलं तर काय, याचा विचार कोण करत नाही.

वडगावचा_माग

काका एक विचारायचं होतं. आमच्या घरात पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम हायत, मागं आम्ही राहतो. वडगाव, खासबाग, शहापूरला निम्म्या घरांत असंच हाय. सुताचे बीम, तयार साड्या, सगळं घरातच. घराचा विमा घेतला तर माग धरतात का?

सर्व्हेवाले_काका

नाही धरत, आणि हे न सांगता घेतलास तर घराच्या क्लेमला पण फाटे फुटतील. गृह रक्षा ही राहत्या घरासाठी आहे, माग, सूत, साड्या हा धंद्याचा माल झाला. छोट्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा म्हणून त्याच वेळी आलेली दुसरी पॉलिसी आहे, एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल त्यांच्यासाठी, म्हणजे आपले सगळे मागवाले त्यात बसतात. फॉर्म भरताना पुढं माग आणि मागं घर असं स्पष्ट लिहून दे, एजंट म्हणेल कशाला लिहायचं प्रीमियम वाढतो, त्याचं ऐकायचं नाही. मागाच्या मोटरच्या ठिणगीनं सूत पेटलं की सर्व्हेअरला ते दिसणारच की, जळलेला माग काय लपवता येतो?

आणि सुताच्या खरेदीची बिलं घराबाहेर कुठंतरी ठेव, मोबाईलवर फोटो काढून ठेवलेस तरी चालतंय. आगीत माल आणि बिल दोन्ही जळालं तर कशाचे पैसे मागणार?

खानापूरची_लेक

काका, माझ्या माहेरचं घर खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला आहे, जुनं, मातीच्या जाड भिंती आणि मंगलोरी कौलं. आईबाबा पावसाळ्यात बेळगावला आमच्याकडं राहायला येतात त्यामुळं घर तीन-चार महिने बंदच. मागच्या अंगणात फणसाचं मोठं झाड घरावर झुकलंय. पावसानं मातीची भिंत पडली तर विमा देतात का, आणि असल्या घराला विमा मिळतो तरी का?

सर्व्हेवाले_काका

ताई, झाड पडून कौलं, वासे, भिंत गेली तर ते यादीत आहे. पण झाड झुकलेलं दिसतंय आणि तुम्हाला माहिती आहे, तर पावसाच्या आधी फांद्या उतरवून घ्या, काळजी घेणं हे मालकाचं काम म्हणून पॉलिसीत पण लिहिलेलं असतं.

भिंतीचं जरा नाजूक आहे. नुसता पाऊस असा शब्द यादीत नाही, वादळ आहे, पूर आहे, पाणी तुंबणं आहे. ओढ्याचं पाणी येऊन पायाशी थांबलं आणि भिंत ढासळली तर क्लेम उभा राहतो. महिनाभर रिपरिप होऊन जुनी भिंत भिजून बसली तर कंपनी जुनेपणावर बोट ठेवणार. आपल्याकडं दर जुलैत अशा भिंती पडतात आणि भांडणं सगळी इथंच होतात. म्हणून पडल्या पडल्या पंचायतीकडून पंचनामा करून घ्या, त्यात नुसतं भिंत पडली असं न लिहिता कशामुळं पडली ते लिहायला सांगा, पाणी कुठपर्यंत आलं होतं, वारा होता का, शेजारी अजून काय पडलं. पंचनामा कन्नडमध्ये असला तरी चालतो, मागाहून भाषांतर देता येतं. त्या दिवसाचं पेपरातलं कात्रण पण जोडा. आणि खोटं काही लिहून घेऊ नका, एक गोष्ट खोटी निघाली की अख्खा क्लेम जातो.

विमा मिळतो का, तर गवत, बांबू, फळ्या, ताडपत्री असली कच्ची बांधकामं वेगळी धरतात. मातीची भिंत आणि कौलं हे कंपनीला आधीच फोटोसकट दाखवा, वय लिहा आणि चालतंय असं त्यांच्याकडून लेखी घ्या. घर किती महिने बंद असतं ते पण कळवा. एजंट तोंडी हो म्हणाला, याला किंमत शून्य.

अनगोळकर

काका, कागद बघितला. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. माझी जन्मतारीख, बायको नॉमिनी, लोनचा अकाउंट नंबर आणि खाली दर वर्षाची कमी होत जाणारी रक्कम. अनगोळचा पत्ता हाय पण तो माझा राहायचा पत्ता म्हणून, घराबद्दल एक ओळ नाही. म्हणजे इतके दिवस घर उघडंच होतं म्हणायचं. बँकेतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या तुम्ही सही केली होती की, बरं.

असो, आता नवीन घ्यायचा म्हणतोय. भाऊ म्हणतो प्लॉट धरून घराची किंमत ७० लाख होते तर ७० चा घे. तेवढा घ्यायचा का? आणि वरचा सोलर, कंपाउंड, पाण्याची टाकी याचं वेगळं काढायचं का?

सर्व्हेवाले_काका

७० चा नको, उगीच प्रीमियम जास्त जाईल. जमीन जळत नाही. विमा फक्त परत बांधायच्या खर्चाचा, कार्पेट एरिया, म्हणजे भिंती सोडून आतली जागा, गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा तुझं १००० चौरस फूट आणि दर २००० रुपये धरला तर २० लाख, प्लॉट कितीचा का असेना. तू मागच्या वर्षीच बांधलंयस म्हणजे तुला दर माझ्यापेक्षा चांगला माहिती. फॉर्मवर चौरस मीटर मागतात, चौरस फुटाला १०.७६ नं भागायचं, इथं गडबड करू नको कारण क्षेत्रफळ खरं असेल तर या पॉलिसीत कमी विमा घेतला म्हणून क्लेम कापत नाहीत. जुन्या पॉलिसीत ती भानगड होती, निम्म्याचा विमा घेतला की क्लेम पण निम्मा.

सोलर, टाकी, कंपाउंड, गेट, पोर्च, सेप्टिक टँक हे सगळं घराच्या इमारतीतच धरतात, वेगळं काढायचं नाही, पण रक्कम ठरवताना त्यांचा खर्च विसरू नको. घरातलं साधं सामान आपोआप येतं, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. म्हणजे २० लाखांवर ४ लाखांचं सामान, कपाट, भांडी, टीव्ही, वॉशिंग मशीन, यादी न देता. त्यापेक्षा जास्त असेल तर यादी द्यावी लागते. पडलेला राडारोडा उचलायला क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअरच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत मिळतात, घर राहण्यासारखं राहिलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याचं पण त्यात आहे. हे लोक मागतच नाहीत, कारण माहिती नसतं. १० वर्षांपर्यंत एकदम घेता येते, पण लोन लवकर फेडणार असशील तर वर्षावर्षाची घे.

स्कूटर, कार यात नाही हं. पार्किंगमध्ये पाणी शिरून गाडी गेली तर ते गाडीच्या विम्यात, तो पण फुल असेल तर. नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही.

शास्त्रीनगर_तळमजला

मधेच घुसतोय, गॅसचं कोणी बोललं नाही. कनेक्शन आपल्या नावावर आणि त्याच पत्त्यावर असेल तर सिलिंडरच्या अपघाताला तेलकंपन्यांचा विमा असतो, नोंदवलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. पण नळी, रेग्युलेटर आयएसआयचा पाहिजे आणि डीलरला लगेच लेखी कळवायचं. भाड्याच्या घरात दुसऱ्याच्या नावावरचा सिलिंडर वापरणाऱ्यांनी काय ते समजून घ्या.

आणि काका मी भाड्यानं राहतो, बळ्ळारी नाल्याचं पाणी आमच्या एरियाला काही नवीन नाही, मालकानं विमा घेतलाय म्हणतो. माझं सामान त्यात येतंय का?

सर्व्हेवाले_काका

नाही. मालकाच्या विम्यात मालकाची भिंत आणि मालकाचं सामान. तू फक्त सामानाचा विमा घेऊ शकतोस, इमारतीशिवाय. पॉलिसी तुझ्या नावावर, पत्ता त्या घराचा, भाडेकरार जोड. तळमजला आहे हे लिहायला विसरू नको, आणि घेणार असशील तर आत्ताच घे, नाल्याचं पाणी रस्त्यावर आल्यावर फोन केलास तर कोण घेणार नाही.

गणपतगल्लीवाला

काका, आणि कंपनीनं नाहीच दिले तर?

सर्व्हेवाले_काका

आधी का नाही हे लेखी माग, पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली ते लिहून. मग त्याच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्याला बेंगळुरूचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील पण नको, ऑनलाइन अर्ज चालतो. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.